‘रविवारचे शिपाई’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जगभरातल्या कमांडो दलांवर मोठा लेख आला होता. माहिती भरपूर होती, मी तो दोनदा वाचला. पण राखीव तुकड्यांना, म्हणजे नोकरीधंदा सांभाळून सैनिक होणाऱ्यांना, ‘रविवारचे शिपाई’ म्हणून लेखकाने दोन ओळींत त्यांची बोळवण केली, तिथे मी अडले. मी ३२ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. सैन्यातलं मला जे काही कळतं ते धाकट्या भावामुळे आणि थोडं चित्रकारांमुळे. दोघांच्याही वतीने ते वाक्य मला लागलं.

चित्रकारांचं आधी सांगते. १८५९ साली फ्रान्सच्या स्वारीच्या धास्तीने इंग्लंडमध्ये गावोगावी स्वयंसेवक पथकं उभी राहत होती. एडवर्ड स्टर्लिंग नावाच्या कला-विद्यार्थ्याच्या मनात आलं, आपण कलावंतांनीही एक काढावं. १८६० मध्ये ‘आर्टिस्ट्स रायफल्स’ सुरू झाली. चित्रकार, शिल्पकार, वादक, नट, वास्तुविशारद, सगळे त्यात. पहिले कमांडर हेन्री फिलिप्स आणि फ्रेडरिक लेटन, दोघेही चित्रकार. मिले, रोझेटी, विल्यम मॉरिस ही नावं आम्ही कलेच्या इतिहासात पाठ केली होती. तीच माणसं हातात बंदूक घेऊन कवायत करत होती, हे मात्र आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. पथकाच्या बिल्ल्यावर युद्धदेव मार्स आणि कलांची देवता मिनर्व्हा यांचे चेहरे शेजारी शेजारी कोरलेले आहेत.

ही हौस होती का? पहिल्या महायुद्धात या पथकाने प्रशिक्षण देऊन दहा हजारांहून अधिक अधिकारी फौजेला पुरवले. विल्फ्रेड ओवेन आणि एडवर्ड थॉमस हे कवी इथूनच गेले, दोघेही परतले नाहीत. जॉन नॅश हा चित्रकार ३० डिसेंबर १९१७ रोजी फ्रान्समध्ये मार्कोइंजवळ याच पथकातून खंदकाबाहेर पडला. ८० जण निघाले, पहिल्या काही मिनिटांत ६८ जण मेले किंवा जखमी झाले. उरलेल्या बारांत नॅश होता. पुढच्याच वर्षी त्याने त्या सकाळचं चित्र काढलं. इंटरमीजिएटच्या मुलांना मी त्याची छापील प्रत दाखवत असे. बर्फ, खंदकाची तांबूस माती, आणि लांब कोट घातलेली माणसं मान खाली घालून चाललेली. कुणी धावत नाही, कुणी ओरडत नाही. दोघे खंदकातच पडलेले आहेत. एकदा एका मुलाने विचारलं, “बाई, हे लढतायत कुठे, हे तर नुसते चाललेत.” त्याच्याइतकं नेमकं त्या चित्राबद्दल मलाही कधी बोलता आलं नाही.

आता कमांडोंचा मुद्दा. ब्रिटनच्या ‘एसएएस’ (स्पेशल एअर सर्व्हिस) या कमांडो दलाचं कौतुक आपल्या लेखात आहे, ते रास्तच आहे. पण दुसरं महायुद्ध संपताच १९४५ मध्ये सरकारने एसएएस मोडीत काढली होती. ती परत उभी राहिली १९४७ मध्ये, आणि ती राखीव दल म्हणून, याच आर्टिस्ट्स रायफल्सच्या नावाने: २१ एसएएस (आर्टिस्ट्स). दिवसा कचेरीत किंवा दुकानात बसणाऱ्या माणसांनी ती विद्या जिवंत ठेवली. १९५१ मध्ये मलायाच्या जंगलातल्या लढाईसाठी त्यांच्यातलीच एक स्क्वॉड्रन गेली आणि तिथल्या ‘मलायन स्काउट्स’मध्ये सामील झाली. त्या स्काउट्समधून १९५२ मध्ये २२ एसएएस ही कायम पलटण झाली. ओलिसांना सोडवायला लंडनच्या इराणी वकिलातीवर १९८० मध्ये चाल करून गेलेली, साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिलेली ती हीच. म्हणजे ज्या कायम दलाचा लेखात एवढा गौरव आहे, त्याहून २१ एसएएस ही राखीव पलटण वयाने मोठी आहे.

शीतयुद्धात या राखीव लोकांना दिलेलं कामही वाचण्यासारखं आहे. रशियन फौजा जर्मनीत घुसल्याच, तर आपलं सैन्य मागे हटेल, पण यांनी हटायचं नाही. जमिनीत खड्डा खणून, वरून झाकून घेऊन आत बसायचं. रणगाड्यांची रांग पुढे निघून जाऊ द्यायची आणि तिच्या मागून येणारा फौजफाटा मोजून वायरलेसवर कळवत राहायचं. शत्रूच्या पोटात, सुटकेची फारशी आशा न ठेवता. वर्षानुवर्षं सुट्ट्या खर्चून त्याची तालीम करणारी माणसं एरवी कुठेतरी नोकरी करत होती. तालीमसुद्धा पोरखेळ नसते. ऑस्ट्रेलियाच्या मेलबर्नमधल्या राखीव कमांडो कंपनीचा १७ फेब्रुवारी १९६० रोजी समुद्रात सराव चालू होता. ओहोटीच्या ओढीत बोटी सापडल्या आणि तिघांचा जीव गेला. तिथे कुठलंही युद्ध चालू नव्हतं.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या पुण्यातच प्रादेशिक सेनेची (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे टीए, आपली राखीव सेना) १०१ पायदळ बटालियन आहे, मराठा लाइट इन्फंट्रीची. कोल्हापुरात १०९ आहे. पॅराशूट रेजिमेंटशी जोडलेल्या टीएच्या पलटणीही आहेत. महेंद्रसिंग धोनी २०१९ मध्ये काश्मीरमध्ये ड्यूटीला गेला तो बंगळुरूच्या १०६ मधून. टीए म्हणजे कमांडो नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण लेखातला शेरा सगळ्याच राखीव सैनिकांवर होता. तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजाजी यांनी ९ ऑक्टोबर १९४९ रोजी या सेनेचं उद्‌घाटन केलं. तिचे जवान १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत होते. नोकरीधंदा सांभाळून सैनिक होणं ही कल्पना तर आपल्या मातीतली. पावसाळ्यात नांगर धरणारा मावळाच दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीवर निघत होता.

माझा भाऊ भोसरीच्या एका कारखान्यात मिलिंग मशीनवर होता आणि १०१ मध्ये जवान होता. कॅम्पला जायच्या आधी त्याच्या काळ्या ट्रंकेवर नाव आणि नंबर मी रंगवत असे, पांढरा ऑइलपेंट आणि चार नंबरचा चपटा ब्रश घेऊन. तो शेजारी बसून बूट घासायचा आणि नंबरातला आकडा वाकडा आला की पुसायला लावायचा. दर वर्षी दोन महिने कॅम्प, आणि दर वर्षी रजेवरून कटकट. “इथे काय धर्मशाळा आहे का?” हे त्याने फोरमनकडून किती वेळा ऐकलं असेल. मग पलटण ‘एम्बॉडी’ झाली, म्हणजे पूर्णवेळ सेवेत बोलावली गेली, आणि तो दोन वर्षांहून अधिक काळ जम्मू-काश्मीरमध्ये होता. आईने त्या दिवसांत रात्रीच्या बातम्या पाहणं बंद केलं होतं.

परत आला तेव्हा मशीनवर दुसरा माणूस. याला सांगण्यात आलं, टेंपररी म्हणून या, मग बघू. पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर! बर्फातल्या पहाऱ्याबद्दल कधी तक्रार न केलेला माझा भाऊ त्या दिवशी जेवला नाही. प्रादेशिक सेना कायदा, १९४८ मध्ये कलम ७ आहे, हे त्याला पलटणीत कळलं. सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला परतल्यावर मालकाने कामावर परत घ्यायचं, आणि आधीपेक्षा कमी दर्जाच्या अटींवर नाही. पत्रं गेली, चकरा झाल्या, पाच महिन्यांनी तो जागेवर परत लागला. ते पाच महिने घर माझ्या पगारावर चाललं याचं मला काही नाही. कायदा होता, फक्त कारखान्यात तो कुणाला माहीत नव्हता, आणि ज्याला माहीत असेल त्याला तसं दाखवायचं नव्हतं, याचं वाईट वाटतं.

आपलं पुणं दक्षिण कमांडचं मुख्यालय, एनडीएचं (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं) गाव. पिंपरी-चिंचवडपासून चाकण-रांजणगावापर्यंत कारखान्यांची रीघ लागली आहे. टीएची भरती निघाली की वयाची अट १८ ते ४२, जागा इतक्या, अशी बातमी आपण छापता. भरती झालेल्याच्या रजेचं आणि परतल्यावर नोकरीचं काय, हे त्या बातमीत कधी नसतं. ते घालावं अशी विनंती आहे. ‘रविवारचे शिपाई’ या शब्दांबद्दल लेखकाने खुलासा करावा, अशीही अपेक्षा आहे.

दर ९ ऑक्टोबरला प्रादेशिक सेना दिन असतो. त्या दिवशीच्या अंकात कलम ७ चा मजकूर सोप्या मराठीत, चौकटीत छापावा. कारखान्याच्या नोटीस बोर्डावर कापून लावता येईल एवढी चौकट असावी, आणि अक्षर कृपा करून बारीक ठेवू नये.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
सहकारनगर, पुणे