आगोटीच्या दिवसांतलं पत्र

चिपळूण

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

सूनबाईने परवा फोनवर नवं स्वयंपाकघर दाखवलं. छान आहे. मी विचारलं, सामान ठेवता कुठे? तर तू हसलास. "आई, दहा मिनिटांत सगळं घरपोच येतं, साठवायचं कशाला?" फोनवर वाद घालायला नको म्हणून लिहिते आहे.

इथे सध्या आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, गडबड आहे. मिरच्या, आमसुलं, फेण्या वाळताहेत, सुकट डब्यात भरून झाली. तू हे सगळं कर असं मी म्हणत नाही. अकराव्या मजल्यावर बोंबील वाळवलेस तर सोसायटी नोटीसच पाठवेल. पण २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा नडलं ते काय होतं, एवढं आठव. धान्य पुष्कळांकडे होतं, ते खालच्या खोल्यांत भिजून गेलं. लाइट नाही, फोन नाही, एटीएम चिखलात. चहूकडे गढूळ पाणी आणि प्यायचं पाणी बाहेरून येईल तेव्हा.

तुझ्या घरात पूर शिरणार नाही, कबूल. पण लाइट गेली की तुझ्याकडे काय चालतं, ते मोज बघू. पंप बंद, म्हणजे टाकी संपली की नळ कोरडा. पाण्याचं मशीन बंद, इंडक्शन बंद, लिफ्ट बंद, आणि फोन उतरला की खिशातले पैसेही बंद. पुण्याला हे नवीन नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं, आणि पूर ओसरल्यावरही पुण्याचे नळ कोरडेच राहिले.

म्हणून आधी पाणी. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोजचं चार लिटर धर. तुम्ही तिघं, म्हणजे पाच दिवसांचं ६० लिटर. वीस लिटरचे तीन जार झाले. ते खाली कोपऱ्यात राहू देत, पण उन्हात नकोत, आणि नळाचं पाणी भरलंस तर अधूनमधून बदल. वापरायच्या पाण्याला बाथरूममध्ये एक झाकणाचं पिंप. पाणी गढूळ आलं तर तुरटी फिरवून निवळून घ्यायचं, पण तेवढ्यावर प्यायचं नाही. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. खळखळून उकळायचंच. त्यासाठी गॅस हवा, तेव्हा पाच किलोचा छोटा सिलेंडर आणि एक बर्नर घेऊन ठेव. इंडक्शनचं कौतुक नंतर.

खाण्याचं फार अवघड नाही. महागडी पाकिटं आणू नकोस. जे रोज खाता तेच थोडं जास्त आणायचं, नवं मागे लावायचं, जुनं आधी संपवायचं. तांदूळ, मूगडाळ, तेल, मीठ हे असतंच. शिवाय न शिजवता पोटात जाईल असं काही हवं. पोहे, चुरमुरे, डाळं, शेंगदाणे, गूळ, खाकरे, राजगिऱ्याचे लाडू. चिऊसाठी दुधाची पावडर आणि ओआरएसची पाकिटं. तुझ्या सासऱ्यांची बीपीची गोळी तुमच्याकडेही असू दे, ते आले की विसरूनच येतात. टॉर्च, सेल, पॉवर बँक हे मी सांगायला नको.

आता पैसे. घरात आठवड्याच्या खर्चाची रोकड ठेव, तीही पन्नास-शंभरच्या नोटांत. अडचणीच्या दिवशी पाचशेची मोड कोणी देत नाही. पण फार साठवूही नकोस. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि तुझ्या आजीच्या गोडे मसाल्याच्या डब्याचं गुपित घरभर झालं. बाबा हसत होते, आजी आठवडाभर बोलली नाही.

बाकीचं बँकेत, पण लगेच काढता येईल असं. सहा महिने पगार आला नाही तरी हप्ता आणि घर चालेल, इतकं जमेपर्यंत नवी गाडी नको. शेअरमध्ये घातलेले पैसे यात धरू नकोस. नेमकी नोकरी जाते तेव्हा बाजारही पडलेला असू शकतो. बँकेतल्या ठेवींना एका माणसाच्या नावावर एका बँकेत ५ लाखांपर्यंतच विमा आहे, व्याज धरून. पतसंस्थेत तेवढंही संरक्षण नाही. अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून तिकडे धावू नकोस, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. खातं दोघांच्या नावावर कर, वारस नोंदव, आणि सूनबाईला सगळं माहीत असू दे. तुझ्या एकट्याच्या मोबाइलात असलेली बचत ऐन वेळी तिच्या काय कामाची?

शनिवारी शेजारचे पुण्याला येताहेत, त्यांच्याबरोबर कुळथाचं पीठ, आमसुलं आणि मेतकूट पाठवते. पीठ कोरड्या चमच्यानेच काढा. आणि डबे परत पाठव, झाकणांसकट. मागच्या खेपेची दोन झाकणं अजून तिकडेच आहेत.

तुझी,
आई