‘विझर्ड्री’ सेव्ह-स्टेटशिवायच खेळा

संपादक महोदय,

जुन्या कॉम्प्युटर गेम्सचा विषय निघाला की १९८१ सालच्या ‘विझर्ड्री’ला ‘ओबडधोबड आणि निर्दयी’ म्हणून मोकळं होण्याची पद्धत पडली आहे. सहा पात्रांची तुकडी घेऊन भुयारात उतरायचं आणि राक्षसांशी लढायचं, असा हा खेळ. दिसायला तो ओबडधोबड आहेच. त्या काळच्या ॲपल टू कॉम्प्युटरच्या पडद्याच्या एका कोपऱ्यात रेघांनी काढलेला बोगदा, बाकी सगळा मजकूर. पण इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, दर चार पावलांनी सेव्ह-स्टेट घ्यायची (खेळ आहे त्या क्षणी गोठवून ठेवायचा, म्हणजे बिघडलं की तिथेच परतता येतं) आणि वर यात दम नाही म्हणायचं, हे पटत नाही. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी हा खेळ ज्या धास्तीवर उभा केला, तीच त्यातून निघून जाते.

पात्र मेलं की त्याची नोंद लगेच फ्लॉपीवर होते. देवळात पैसे भरून त्याला उठवता येतं. ते फसलं तर राख होते, राखेवरचा प्रयत्नही फसला तर पात्र कायमचं गेलं. सहाच्या सहा मेले तर प्रेतं भुयारात तिथेच पडून राहतात आणि ती आणायला दुसरी तुकडी पाठवावी लागते. नवखे इथे हमखास चुकतात. तुकडीत मेलेले धरूनच सहा जण मावतात, त्यामुळे सहा जण गेले तर एकही प्रेत उचलता येत नाही. तिघांनी जायचं, तिघांना आणायचं. जिथे सहा जण पुरे पडले नाहीत तिथे तिघांना पोचायचं असतं, म्हणून राखीव पात्रं आधीपासूनच वाढवत राहायला हवीत.

सुरुवातीचं मरण बहुतेक वेळा हावेपायी येतं. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला दोनदाच मंत्र टाकता येतो. तो आग फेकणाऱ्या हालितोवर घालवू नये. कातिनोने शत्रूंचा गट झोपवावा आणि लढवय्यांनी झोपलेल्यांवर तुटून पडावं. मंत्र संपले की जिन्याने वर. सराईच्या तबेल्यात झोपणं फुकट असतं. तिथे जखमा भरत नाहीत, पण मंत्र सगळे परत मिळतात. मग खाली उतरून जिन्यापाशीच तळ टाकायचा, पुजाऱ्याने डिओस म्हणून जखमा भरायच्या, वर येऊन पुन्हा तबेला. अशा फेऱ्या कंटाळवाण्या होतात हे खरं, पण पैसे भरून खोली घेतली तर आठवडे जातात आणि पात्रांचं वय वाढतं.

नकाशा हातानेच काढा. मजले दहा, प्रत्येक २० बाय २० चौकोनांचा. आलेखाच्या कागदावर पहिल्या मजल्याचा जिना शून्य-शून्यवर धरा, एक-एकवर नव्हे, कारण दुमापिक मंत्र जिन्यापासून पूर्वेला नि उत्तरेला किती चौकोन आलात तेच सांगतो. एका कडेने बाहेर पडलं की माणूस समोरच्या कडेने आत येतो, काही चौकोन न सांगता तोंड फिरवतात. कागदावर भिंती एकमेकींवर चढायला लागल्या की खोडरबर उचलण्याआधी दुमापिक म्हणा. पुढे मालोर मंत्राने एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी उडी मारायची ती याच आकड्यांच्या भरवशावर. आकडा चुकून खडकात उतरलात तर अख्खी तुकडी जाते.

२०२४ मध्ये डिजिटल एक्लिप्स या कंपनीने मूळ प्रोग्रामवरच नवी चित्रं चढवलेली आवृत्ती काढली आहे, नव्यांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही. जुनाच खेळणार असाल तर सिनॅरिओ डिस्कची, म्हणजे पात्रांची नोंद होते त्या फ्लॉपीची, एक प्रत जरूर करून ठेवा. डिस्क बिघडली तर ती प्रत बाहेर काढा, तुकडी मेली म्हणून काढू नका.

आपला,
एक वाचक