वेळापत्रकातून कापलेली झोप

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला वेळापत्रकाचा फोटो नीट पाहिला. पहाटे ४:३० ला उठायचं, मग क्लास, मेस, अभ्यासिका आणि रात्री १२ ला दिवा बंद. तिन्ही विषयांना भरपूर जागा दिलीस, झोपेच्या वाट्याला मात्र साडेचार तास आले. लातूरला नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीला आलेलं प्रत्येक लेकरू असाच कागद भिंतीला चिकटवतं. तू चिकटवण्याआधी हे पत्र वाच.

तुझ्या वयाला, म्हणजे १३ ते १८ वर्षांत, रोज ८ ते १० तास झोप लागते. धाकट्याला, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना, ९ ते १२ तास. लहानांच्या झोपेचा विचार सरकारनंही केला: चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असा निर्णय २०२४ मध्ये झाला. अकरावी-बारावीच्या लेकरांसाठी असं कुणी ठरवत नाही, म्हणून तुलाच ठरवावं लागेल.

पहाटेचा अभ्यास डोक्यात राहतो, असं आजी सांगते. तिचं चूक नाही. पण जुनी माणसं दिवेलागणीनंतर भाकरी खाऊन आठ-साडेआठला अंथरुणावर असायची. पहाटे चार-साडेचारला त्यांची झोप पुरी झालेली असायची. तू त्यांचं उठणं घेतलंस, निजणं घेतलं नाहीस.

तुझ्या वयात तर आणखी एक अडचण असते. झोप आणणारं मेलाटोनिन किशोरवयात रात्री तास-दोन तास उशिरा स्रवायला लागतं. नऊला अंग टाकलं तरी डोळा लागत नाही, तो आळस नव्हे आणि हट्टही नव्हे. अशा शरीराला पहाटे साडेचारला उठवणं म्हणजे झोपेचं शेवटचं टोक कापणं. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त असते. दिवसा वाचलेलं तेव्हा पक्कं होतं, वाढीचं संप्रेरकही तेव्हाच सर्वाधिक स्रवतं. पहाटेच्या फेऱ्यांत स्वप्नांची झोप जास्त असते आणि मनाचा तोल सांभाळायला तिची मदत होते. बारा ते साडेचार झोपलीस तर गाढ झोप बरीचशी पदरात पडते, स्वप्नांच्या झोपेचा मोठा वाटा जातो. मग चाचणीत चार मार्क कमी पडले तरी रडू आवरत नाही, रूममेटशी उगाच वाजतं, आणि मुलगी म्हणते मीच कमजोर आहे. तसं नसतं, लेकरा.

आता रात्री १० ते १२ या वेळेत तू ऑरगॅनिक केमिस्ट्री ठेवलीस, त्याविषयी. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामातली अचूकता रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी घसरलेली दिसली. आपल्याकडे गाडी चालवायला ०.०३ टक्क्यांच्या वर मनाई आहे. साडेचारपासूनचे १७ तास मोज, रात्रीचे साडेनऊ होतात. सगळ्यात अवघड विषय तू त्यानंतर ठेवलास.

म्हणून कागद असा बदल. क्लास साडेसातला, तर उठणं ६:१५ ला आणि दिवा बंद १० ला. डोळा लागायला पंधरा-वीस मिनिटं धरली तरी जवळपास आठ तास पदरात पडतात. अवघड विषय संध्याकाळी ६ ते ८:३० मध्ये घे, तुझ्या वयाची मुलं तेव्हा तरतरीत असतात. सव्वानऊनंतर फक्त आकृत्या बघायच्या. शेवटची पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिही, डोक्यात फिरणारी कामं कागदावर उतरली की झोप लवकर लागते.

१२ वरून एकदम १० वर येऊ नकोस, नुसती कुशीवर कुशी बदलत राहशील. आधी उठण्याची वेळ पक्की कर, मग निजणं दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटांनी अलीकडे आण. उठल्यावर १५-२० मिनिटं गच्चीवर उजेडात फिर, सकाळच्या उजेडानं शरीराचं घड्याळ अलीकडे सरकतं. रविवारी फार तर ७:१५ पर्यंत झोप. अकरापर्यंत लोळलीस की रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवार वाया जातो. वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर गादीवर तळमळू नकोस. उठून मंद उजेडात बस, पेंग आली की परत जा.

चहा ४ च्या आधी. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा अर्धा भाग पाच-एक तासांनीही अंगात असतो, रात्री ८ च्या कॉफीचा अर्धा अंमल १ वाजता जागाच. मोबाईल साडेनऊला कपाटात ठेव. गजरासाठी साधं घड्याळ एसटीच्या पार्सलनं पाठवते आहे, म्हणजे फोन उशाशी ठेवायला निमित्त उरणार नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगते, कारण एप्रिल-मेमध्ये आपल्या भागात सगळ्यात जास्त झोप उकाडाच खातो. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं, आणि वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापून रात्रभर ती ऊब खाली सोडतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायला सांग. कूलर खोलीच्या मध्ये ठेवू नका. खिडकीत बाहेरची हवा ओढेल असा लावा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. खोली बंद ठेवली की दमटपणा वाढतो, घाम वाळत नाही आणि कूलर असून चिकचिक होते. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून, टाकी घासून कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. निजायच्या तासभर आधी कोमट पाण्यानं अंघोळ कर. थंडगार नको, कोमट पाण्यानं कातडीकडे रक्त येतं आणि आतली ऊब बाहेर पडते.

दुपारी झोप आली तर २० मिनिटं, तीही ३ च्या आधी, गजर लावून. तासभर झोपलीस तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पुढचा अर्धा तास डोकं जड राहतं. आणि हे विसरू नकोस: नीटचा पेपर दुपारी २ ला सुरू होतो. परीक्षेआधीचे दोन महिने २ ते ५ झोपायचं नाही, त्याच वेळेत सराव पेपर सोडवायचे, नाहीतर नेमक्या त्या तासांत शरीर पेंग मागेल.

पाळीच्या आधीचे तीन-चार दिवस झोप चाळवते, ते साहजिक आहे. पण पाळीत रक्त जास्त जात असेल आणि रात्री पाय हलवल्याशिवाय राहवत नसेल, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घे. लोह कमी असलं की असं होतं. घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं रूममेटनं सांगितलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं. झोपेची गोळी किंवा मेलाटोनिनच्या चघळायच्या वड्या कुणी दिल्या तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. आणि दोन आठवडे मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, तर मला रात्री २ लाही फोन कर. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर मनाच्या आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

पार्सलमध्ये घड्याळाबरोबर मच्छरदाणी आणि धपाटे आहेत. धपाटे दोन दिवसांत संपवा. एक छोटी वहीही ठेवली आहे, तिच्यात रोज फक्त दोन वेळा लिही, निजल्याची आणि उठल्याची. रविवारी फोन करशील तेव्हा मार्क नंतर सांग, आधी त्या सात ओळी वाचून दाखव.

तुझी,
आई