ऊसतोडीच्या कोप्या अणुवीज केंद्राच्या आणीबाणीच्या आराखड्यात आहेत का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की नवापूर, साक्री भागातले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, मुकादमाची (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन गुजरातेत उतरतात. व्यारा, बारडोली पट्ट्यातला ऊस बऱ्याच अंशी खान्देश आणि डांगच्या हातांनीच तुटतो. त्याच पट्ट्यात, तापीकाठी काक्रापार अणुवीज केंद्र आहे. तिथे २२० मेगावॅटच्या दोन जुन्या आणि ७०० मेगावॅटच्या दोन नव्या अणुभट्ट्या आहेत.

११ मार्च २०१६ रोजी तिथल्या पहिल्या अणुभट्टीत जड पाण्याची (भट्टी थंड ठेवणाऱ्या विशिष्ट पाण्याची) गळती होऊन प्रकल्पाच्या आवारापुरती आणीबाणी जाहीर झाली होती. भट्टी सुरक्षित बंद झाली, कोणाला इजा झाली नाही. पण तो ऐन तोडणीचा हंगाम होता. आवाराबाहेर काही पसरले असते, तर कोप्यांतल्या, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांतल्या, माणसांना कोणी कळवले असते?

केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरांसाठी आणीबाणीचा आराखडा असतो. तो राबवायचा जिल्हा प्रशासनाने, आणि ठरावीक काळाने त्याची रंगीत तालीमही होते. पण गावाच्या यादीत कोपी कशी सापडणार? एका शिवारातला ऊस संपला की टोळी पुढच्या शिवारात जाते.

अशा वेळी पहिली सूचना असते, घरात थांबा, दारे-खिडक्या लावून घ्या. प्लास्टिकच्या कागदाच्या कोपीला कसली दारे-खिडक्या! चूल उघड्यावर, पाणीही बहुधा उघड्यावरचेच. आयोडीनच्या गोळ्या फक्त थायरॉइडला वाचवतात, आणि त्याही वेळेत, म्हणजे किरणोत्साराच्या आधी किंवा नंतर काही तासांतच घ्याव्या लागतात. त्यांची सर्वांत जास्त गरज लहान मुलांना, आणि लहानगी तर आईबापांसोबत फडावरच असतात. गुजराती आमच्या लोकांना कानाने कळते, पण मोबाइलवर आलेला गुजराती संदेश किती जण वाचतील? मावची, भिली, अहिराणीतून सांगणारा माणूसच हवा.

हे अवघड नाही. कोणती टोळी आज कोणत्या शेतात आहे, हे तोडणीचे नियोजन करणाऱ्या कारखान्याला ठाऊक असते. ती यादी हंगामभर तापी आणि सुरतच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जावी. नंदुरबार व धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी तसे पत्र येत्या दिवाळीआधी पाठवावे. कोप्यांच्या प्रत्येक पडावासाठी जवळची पक्की शाळा निवारा म्हणून ठरवून मुकादमाला दाखवून ठेवावी, आणि पुढची रंगीत तालीम तोडणीच्या हंगामात, एखाद्या पडावासह घ्यावी.

आपला,
एक वाचक, नवापूर (जि. नंदुरबार)