पाळणाघरांचा दर्जा ठरवायचा तर दुपारी जाऊन बघा

महोदय,

गोव्यातील पाळणाघरांना आणि अंगणवाड्यांना दर्जानुसार श्रेणी द्यावी, ही मागणी रास्त आहे. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. पण पाळणाघर असणे आणि ते चांगले असणे यांत फार अंतर आहे. तपासणीत रंगवलेल्या भिंती आणि नीट भरलेल्या वह्यांनाच गुण मिळाले, तर मुलांच्या वाट्याला काहीच येणार नाही.

केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन वर्षांखालील १० मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका, त्यावरील वयाच्या २० मुलांमागे एक आणि जोडीला मदतनीस असे प्रमाण आहे. हजेरीपटावर ते सहसा जुळते. मोडते ते दुपारी साडेबारा ते दोनच्या दरम्यान. एक बाई पेज गरम करायला आत जाते, दुसरी दारावर कुणाशी तरी बोलत असते, आणि खोलीतल्या सगळ्या मुलांकडे एकटी मदतनीस बघते. भरवताना ठसका लागणे, चावाचावी, पडझड याच वेळेला होते. म्हणून खोलीतली डोकी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशी तीनदा मोजावीत आणि त्यांतली सर्वांत वाईट वेळ अहवालात लिहावी. सरासरी काढली की दुपार लपते.

दुसरी जागा लंगोट बदलण्याची. साहित्य आधी हाताशी घ्यायचे, एक हात सतत बाळावर ठेवायचा, पुढून मागे पुसायचे, घाण झाकणाच्या बादलीत टाकायची. मग बाळाचे हात धुवायचे आणि शेवटी स्वतःचे, साबण लावून निदान २० सेकंद चोळून. चटई आधी साबणाने धुवायची, नंतरच ब्लीचचे पाणी. मळ तसाच राहिला तर ब्लीचची ताकद त्या मळावरच संपते, आणि कालचे द्रावण आज कमजोर झालेले असते. बऱ्याच ठिकाणी नळ एकच, तोही स्वयंपाकाच्या ओट्याजवळ. लंगोट बदललेला हात त्याच तोटीला लागतो आणि एका मुलाचे जुलाब खोलीभर पसरतात. वेगळा नळ जमत नसेल तर तोटीचा पिंप आणि खाली बादली एवढेही पुरते. हा खर्च भिंत रंगवण्याहून कमी आहे.

तान्ह्यांना पाठीवर, घट्ट गादीवर, उशी न ठेवता निजवतात का, हेही बघावे.

सगळ्यांत कठीण मोजणी बोलण्याची. १९८० मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या, १ ते ७ गुणांच्या निरीक्षण मापनश्रेणीत निरीक्षक काही तास खोलीत बसून पाहतो. सेविका मुलाच्या उंचीला वाकते का, त्याच्या बोलण्याला उत्तर देते का, की ‘गप बस’, ‘हात धू’ एवढेच? घरी कोंकणी, मराठी किंवा मजुरांच्या वस्तीत कन्नड बोलणाऱ्या मुलाला त्याच्या भाषेतले चार शब्द ऐकू येतात का? इंग्रजी बडबडगीते पाठ असणे हा दर्जा नव्हे, हे पालकांनाही सांगायला हवे.

ओक्लाहोमा राज्याने १९९८ मध्ये पाळणाघरांना तारे द्यायला सुरुवात केली, तेव्हा जास्त ताऱ्यांना जास्त अनुदानही जोडले. आपल्याकडे नुसते तारे दिले तर कमी फीचे पाळणाघर खाली घसरेल, पालक मुले काढून घेतील आणि नळ बसवायलाही पैसा उरणार नाही. त्यामुळे पहिल्या वर्षीचे गुण जाहीर करू नयेत. न कळवता भेट द्यावी, दोन निरीक्षकांनी स्वतंत्र गुण द्यावेत आणि एकाहून जास्त गुणांचा फरक पडला तर तो मुद्दा पुन्हा पाहावा. प्रत्येक केंद्राला एका वेळी दोनच सुधारणा सांगाव्यात आणि सहा आठवड्यांनी त्याच दोन बघायला परत जावे.

प्रशिक्षणाच्या दिवशी बदली सेविकेचा पगार सरकारने द्यावा. तो नसला की सेविका प्रशिक्षणाला जाते त्याच दिवशी खोलीतले प्रमाण मोडते.

बालसंगोपन क्षेत्रातील काही कार्यकर्त्या, फोंडा