आप्पांना पत्र

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

परवा ताई फोनवर म्हणाली, वॉर्डातली माणसं ‘पंचायतीला उभे राहा’ म्हणायला घरी येऊन गेली आणि तुम्ही ‘सुतारानं रंधा मारावा, पंचायत दुसऱ्यानं बघावी’ म्हणत त्यांना चहा पाजून वाटेला लावलंत. हे फोनवर काढलं असतं तर तुम्ही लगेच फोन आईकडे दिला असता. म्हणून पत्र.

मी राहतो त्या पॉप्लरमध्ये, म्हणजे पूर्व लंडनमध्ये, एका वसाहतीला विल क्रूक्सचं नाव आहे. कोण म्हणून शोधलं, तर तुमच्याच भावकीतला निघाला. लाकडाची पिंपं बनवायचा. ते काम तुम्हाला आवडलं असतं. ओकच्या फळ्या मध्ये रुंद, टोकांना निमुळत्या तासायच्या, आत जाळ करून वाकवायच्या आणि लोखंडी कड्यांनी आवळायच्या. सरस नाही, खिळा नाही, तरी थेंब गळत नाही. फळीची कड जराशी चुकली की पिंप वाया.

जन्म १८५२ चा, इथल्याच गल्लीतला. बाप बोटीवर भट्टीवाला होता, अपघातात त्याचा हात गेला. आई शिवण करून सात पोरांना पोसायची. ते पुरेना, तेव्हा १८६१ मध्ये बापासकट पोरं वर्कहाऊसमध्ये गेली. वर्कहाऊस म्हणजे निराधार गरिबांना ठेवायची जागा, पण सरकारी अन्नछत्र समजू नका. पोटाला मिळायचं, पण घर फोडून. आठ-नऊ वर्षांच्या विलची धाकट्या भावापासूनही ताटातूट झाली. पुढे आईनं पोरं परत आणली आणि चौदाव्या वर्षी तो पिंपाच्या कारखान्यात उमेदवारीला लागला.

कारागीर झाल्यावर हलकं लाकूड वापरण्याविरुद्ध आणि जादा कामाविरुद्ध बोलला, तर ‘चळवळ्या’ म्हणून काम सुटलं. पुन्हा कुणी ठेवून घेईना, तेव्हा काम शोधत लिव्हरपूलपर्यंत पायपीट केली. तुम्ही असता तर तोंड मिटून बसला असता का? मला नाही वाटत.

परत आल्यावर दर रविवारी सकाळी ईस्ट इंडिया डॉकच्या फाटकासमोर उभा राहून तो कामगारांशी बोलायचा. लोक या सभांना ‘क्रूक्सचं कॉलेज’ म्हणत. आपल्याकडून गेलेला माल ज्या गोद्यांत उतरायचा त्याच या. आता त्या बहुतेक बुजवल्यात, उंच भिंतीचा तुकडा उरलाय. मी रोज त्याच्या कडेनं स्टेशनला जातो. १८८९ चा मोठा गोदी संप झाला तेव्हा तासाला सहा पेन्स मिळावेत म्हणून लोक हटून बसले आणि जिंकले. संपकऱ्यांसाठी पैसे गोळा करायला हा होताच.

१८९२ मध्ये तो लंडनच्या काउंटी कौन्सिलवर निवडून आला. सभासदाला पगार नसे, म्हणून इथल्या कामगारांनी वर्गणी काढून त्याचा आठवड्याचा खर्च भागवला. पुढच्या वर्षी तो वर्कहाऊस चालवणाऱ्या मंडळावर गेला आणि काही वर्षांनी त्याचा अध्यक्ष झाला. ज्या दारातून पोरगा म्हणून रडत आत गेला, त्याच दारातून! आत म्हाताऱ्यांच्या लापशीत उंदराच्या लेंड्या सापडल्या. त्यानं जेवण सुधारलं आणि अंगावरचा भिकारी गणवेश काढायला लावला. मग ‘पॉप्लरवाले उधळे’ अशी ओरड झाली आणि १९०६ मध्ये सरकारी चौकशीही लागली. लेंड्या निघत होत्या तेव्हा मात्र चौकशी कुणी केली नव्हती.

१९०१ मध्ये तो पॉप्लरचा महापौर झाला, लंडनमधला पहिला मजूर महापौर. १९०३ मध्ये वुलिचची पोटनिवडणूक तीन हजारांहून जास्त मतांनी जिंकून पार्लमेंटमध्ये गेला. तरी राहिला पॉप्लरच्या साध्या घरातच.

तुम्ही उभं राहाच असं मी म्हणत नाही. पण ‘सुतारानं काय करावं’ हे वाक्य माझ्यापुढे परत नको. शाळेच्या खोलीचा कुजका वासा तीन पावसाळे कुणाच्या नजरेत आला नाही, तो तुम्ही खालून बघूनच सांगितला होतात.

ताई म्हणते, फॉर्मची मुदत सोमवारपर्यंत आहे. आणि एक विचारायचं होतं, साग जाळावर वाकतो का हो? आईला सांगा, लोणच्याची बरणी न फुटता पोचली.

तुमचा,
बाळू