दुखलं तर सांग

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

गाडी वळणाआड गेली आणि मी आत येऊन तुझ्या खोलीतला पंखा बंद केला. तू कधीच करत नाहीस. पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. काल रात्री औषधांच्या पाकिटावरून आपलं वाजलं, ते मनातून जात नाही. "बाबा, मी सुट्टीला चाललेय, ऑपरेशनला नाही," असं तू म्हणालीस, ताई फिसकन हसली आणि मला राग आला. आज सकाळी दात घासताना ते आठवलं आणि एकटाच हसत बसलो. वाक्य चांगलं होतं.

तू गेलीस हे बरंच झालं. एकटी गेलीस हेही. आत्याला परवा फोनवर सांगत होतो, की आमची चिऊ पंधरा दिवस डोंगरात जाऊन नुसती बसणार आहे, तेव्हा माझा आवाज जरा चढलाच. तिला वाटलं तक्रार करतोय. मी मिरवत होतो.

आता उंचीचं एकदाच बोलतो आणि थांबतो. 3,500 मीटरवरही हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो, पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या साधारण 65 टक्के उरतो. म्हणजे श्वास तेवढाच, हाती मात्र कमी. शरीर ते शिकतं, पण त्याला वेळ लागतो. म्हणून पहिले दोन दिवस काही बघायचं नाही, कुठे चढायचं नाही. पुढे 3,000 मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नकोस. दिवसा वर फिरून रात्री खाली झोपायला आलीस तर उत्तमच. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर त्या दिवशी वर जायचं नाही. चालताना झोक जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र आहे म्हणून थांबायचं नाही, कुणाला तरी सोबत घेऊन खाली यायचं. झोपेची गोळी अजिबात नको. आणि तू रोज पळतेस त्याचा इथे काही उपयोग नाही. धडधाकट माणसंच जास्त फसतात, कारण दम आहे म्हणून ती पहिल्याच दिवशी चढायला लागतात. रात्री श्वास अडखळून जाग आली तर मात्र घाबरू नकोस, तेवढं तिथे पुष्कळांना होतं.

झालं व्याख्यान. माफ कर. हे सगळं तुला माझ्याआधी माहीत असणार, यादी तूच केली होतीस.

खरं सांगू का, मला डोंगराची भीती वाटत नाही. तुझं डोकं दुखेल आणि कुणी विचारलं तर तू "ठीक आहे" म्हणशील, याची वाटते. एप्रिलमध्ये ऑफिसात चक्कर येऊन पडलीस ते मला अकरा दिवसांनी कळलं, तेही ताईकडून. तू म्हणालीस, तुला उगाच काळजी. अगं, ती काय उगाच असते?

आणि मग मला तो मोजा आठवतो. तू नऊ वर्षांची होतीस. नवे बूट, आणि मी तुला माझ्याबरोबर डोंगर चढायला नेलं. तू माझ्या मागे-मागे, एक शब्द नाही. वर पोचल्यावर सगळ्यांना मी सांगितलं, बघा, एकदासुद्धा बसली नाही. घरी येऊन बूट काढला तर टाचेपाशी मोजा रक्ताने चिकटलेला. कोमट पाण्यात पाय बुडवून तो आईने सोडवला. मी विचारलं, बोलली का नाहीस? तू म्हणालीस, "तुम्हीच म्हणाला होतात, आपण रडणाऱ्यातले नाही." (तेव्हा तू मला अहो-जाहो करायचीस.)

ते वाक्य मी म्हणालो होतो. पुढेही कित्येक वर्षं मी तो किस्सा कौतुकानेच सांगत आलो, आईचा चेहरा न बघता. तेव्हा तू सांगत नाहीस यात तुझी चूक किती आणि माझी किती, ते आता मोजत बसत नाही.

विषय बदलतो. निवृत्तीनंतर पहिला महिना मी घड्याळ लावून आराम केला. सात ते साडेसात मागच्या पायरीवर बसणे, असं वहीत लिहिलेलं. दुसऱ्या महिन्यात एकदा घड्याळ आत राहिलं आणि समोरच्या भिंतीवरून ऊन खाली कसं उतरतं ते मी अख्खं पाहिलं. एवढंच. पण त्या दिवशी खांदे दुखत नव्हते, हे रात्री लक्षात आलं. म्हणून सुचवतो, तिथे एक जागा धर. रोज त्याच वेळी तिथेच जाऊन बस, नवीन काही शोधू नकोस. फोटो पहिल्या दिवशी काय ते काढून घे. टोपी मात्र घाल, दर हजार मीटरला उन्हातले अतिनील किरण दहा-बारा टक्क्यांनी वाढतात. आणि झोपताना वहीत दोन ओळी लिही: काय पाहिलं आणि डोकं कसं होतं.

बघ, आलोच पुन्हा तिथे.

रोज फोन नको करूस, खरंच नको. तिथे नेटवर्क नसेल तर मी समजून घेईन, ताई मला समजावेल. पण दुखलं तर सांग. मला नाही तर ज्या घरी राहशील तिथल्या बाईंना सांग, शेजारच्या खोलीतल्या अनोळखी माणसाला सांग. "थोडंसं" असलं तरी. तुझं थोडंसं मी पाहिलेलं आहे.

औषधांचं पाकीट तू कपाटात परत ठेवलंस, ते मी हलवलेलं नाही, शब्द दिला होता. पण जाड मोज्यांचे दोन जोड जास्तीचे म्हणून काढून ठेवले होतेस ना? ते पहाटे तू अंघोळीला गेलीस तेव्हा निळ्या पिशवीत तळाशी घातले. पोचल्यावर रागव.

तुझा,
बाबा